शॅमेलिऑनसाठी घरी बांधलेला पिंजरा: साहित्य, दिवे आणि पाण्याची सोय यांचे परीक्षण

न्यू जर्सीतील आमच्या घरी एक पूर्ण वाढलेला नर व्हेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक प्रजाती) आहे आणि त्याचा पिंजरा आम्ही विकत न घेता घरीच बांधला आहे. इथल्या उन्हाळ्यातील दमट हवा आणि हिवाळ्यात हीटरमुळे होणारी कोरडी हवा या दोन्हींमधून हा पिंजरा गेला आहे, त्यामुळे त्यातील लाकूड, जाळी, दिवे आणि पाण्याची यंत्रणा यांच्याविषयी आता खात्रीने लिहिता येते. माझे मत आधीच सांगते. चौकट, जाळी, दारे आणि पाण्याचा निचरा ही कामे घरी उत्तम होतात, किंबहुना बाजारातील पिंजऱ्यापेक्षा सरस होतात. परंतु यूव्हीबी (एका प्रकारच्या अतिनील किरणांचा) दिवा आणि पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा या दोन वस्तू चांगल्या कंपनीच्याच घ्याव्यात आणि त्यांत पैसे वाचवू नयेत.

भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात आढळणारा भारतीय शॅमेलिऑन, म्हणजे आपला घोयरा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबिया येथील व्हेल्ड शॅमेलिऑन ही वेगळी प्रजाती असून तिचा समावेश साइटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि अशा परदेशी प्राण्यांची भारतात केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करण्याचे नियम २०२४ मध्ये अधिसूचित झाले आहेत. अमेरिकेत बंदिस्त जागेत पैदास झालेली पिल्ले सहज मिळतात, तरी हवाई राज्यात शॅमेलिऑन पाळण्यास मनाई आहे.

प्रौढ व्हेल्ड शॅमेलिऑनसाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच ही किमान जागा मानली जाते. आम्ही रुंदी तीन फूट ठेवली, कारण हा प्राणी झाडावर राहणारा असला तरी दिवसभरात तो नुसता वरखाली जात नाही, आडव्या फांद्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंतही फिरतो. तयार जाळीच्या पिंजऱ्यांत झू मेड कंपनीचा रेप्टी ब्रीझ सर्वत्र मिळतो, तो वजनाला हलका आहे आणि अर्ध्या तासात जोडता येतो; पण आमच्या खिडकीशेजारच्या कोपऱ्यात नेमकी बसणारी रुंदी हवी असेल तर स्वतः बांधण्याला पर्याय नव्हता. पिंजरा कपाटावर ठेवला आहे, त्यामुळे वरची फांदी उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा वर येते. शॅमेलिऑनला वरून डोकावणारी प्रत्येक गोष्ट शिकारी वाटते, म्हणून उंचीचा हा तपशील कोणत्याही महागड्या वस्तूइतकाच महत्त्वाचा आहे.

चौकटीसाठी पाइनच्या पट्ट्या वापरल्या. अमेरिकेतील दुकानात एक बाय दोन या नावाने मिळणारी पट्टी प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि दीड इंच रुंद असते, हे लक्षात घेऊनच मापे काढावीत. वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून रसायन मुरवलेले लाकूड मिळते, पण त्यात तांब्याची संयुगे असतात आणि रोज भिजणाऱ्या पिंजऱ्यात ते मला मुळीच नको होते. साध्या पाइनला पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) पॉलियुरेथेनचे तीन हात दिले आणि वास पूर्ण जाईपर्यंत चौकट गॅरेजमध्ये वाळू दिली. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या, कारण साधे लोखंड या ओलाव्यात टिकत नाही. एवढे केल्यावर सांध्यांवर आजतागायत फुगवटा आलेला नाही.

जाळीची निवड मात्र घाईने करू नये. मच्छरदाणीची फायबरग्लासची जाळी त्याला खायला सोडलेले रातकिडे कुरतडतात आणि उष्णतेच्या दिव्याखाली ती वितळू शकते. ॲल्युमिनियमची बारीक जाळी टिकाऊ असते, परंतु शॅमेलिऑनचा पाय जवळून पाहिला की तिची अडचण कळते. त्याची बोटे दोन आणि तीन अशा दोन जुडग्यांत एकमेकांना चिकटलेली असतात आणि प्रत्येक बोटाला टोकदार नख असते. जाळीवर चढताना हे नख बारीक छिद्रात अडकले आणि त्याने पाय ओढला, तर नख मुळापासून निघते. आम्ही अर्धा इंच छिद्रांची, पीव्हीसीचे आवरण असलेली काळी जाळी लावली. तिच्यावर त्याची पकड नीट बसते, आणि काळ्या रंगामुळे नजर जाळीवर न अडता आतल्या पानांवर जाते. या जाळीतून लहान रातकिडे निसटतात हा तिचा खरा तोटा आहे, म्हणून अन्न नेहमी खोलगट कपात ठेवावे लागते.

घरी बांधण्याचा सर्वांत मोठा लाभ हिवाळ्यात कळला. चारही बाजूंनी जाळी असलेल्या पिंजऱ्यात हीटर चालू असताना आर्द्रता टिकत नाही. आम्ही मागची आणि दोन्ही बाजूंची जाळी झाकतील असे पीव्हीसीचे पातळ पत्रे फिरत्या खटक्यांवर बसवले आहेत, ते थंडीत लावतो आणि मे महिन्यात काढून ठेवतो. वरची बाजू आणि पुढचे दार कायम जाळीचेच असते, त्यामुळे हवा कोंडत नाही.

निचऱ्याविषयी सविस्तर लिहिते, कारण बहुतेक तयार पिंजरे इथेच कमी पडतात. सपाट तळावर पाणी साचते, त्यात विष्ठा आणि मेलेले किडे कुजतात आणि जिवाणू वाढतात. आमचा तळ जाड पीव्हीसीच्या पत्र्याचा आहे आणि तो चारही बाजूंनी मध्याकडे किंचित उतरता आहे. मध्ये छिद्र पाडून रबरी वायसर असलेली नळाची जोडणी बसवली आहे आणि तिची नळी खालच्या कपाटातील बादलीत सोडली आहे. कडा बुरशीनाशक नसलेल्या शुद्ध सिलिकॉनने बंद केल्या. तळाशी आठ इंच उंचीचे वेगळे दार आहे, त्यातून वरच्या प्राण्याला न बिचकवता रोज पुसून घेता येते.

आता दिव्यांकडे वळते. शॅमेलिऑनला यूव्हीबी किरण मिळाले नाहीत तर त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, अन्नातील कॅल्शियम शोषले जात नाही, हाडे मऊ होतात आणि पाय वाकतात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी आहे, कारण काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. आम्ही आर्केडिया कंपनीची सहा टक्के यूव्हीबीची टी-५ (बारीक फ्लुओरेसंट) ट्यूब परावर्तक असलेल्या फिक्स्चरमध्ये वरच्या जाळीवर ठेवली आहे. जाळीमुळे काही किरण अडतात, म्हणून नुसत्या अंदाजावर न राहता यूव्ही निर्देशांक (अतिनील किरणांची तीव्रता) दाखवणाऱ्या सोलरमीटर ६.५ या उपकरणाने मोजून फांदी लावली. दिव्यापासून साधारण नऊ इंचांवर, म्हणजे त्याची पाठ जिथे येते तिथे, निर्देशांक ३ च्या आसपास मिळतो आणि या प्रजातीसाठी तो योग्य आहे. हे मीटर महाग आहे, परंतु सरपटणारे प्राणी पाळणाऱ्या ओळखीच्या कुटुंबाकडून तासाभरासाठी आणले तरी काम होते. ट्यूब दिसायला प्रकाशमान असली तरी तिचे यूव्हीबी कमी होत जाते, म्हणून ती वर्षाला बदलावी. मळसूत्राच्या आकाराचे छोटे यूव्हीबी बल्ब दुकानात पुढे मांडलेले असतात. त्यांचा प्रकाश एवढ्या मोठ्या पिंजऱ्यात पुरेसा पसरत नाही, त्यामुळे ते घेऊ नयेत.

उष्णतेसाठी साधा ६० वॅटचा बल्ब पिंजऱ्याबाहेर, जाळीच्या वर लावला आहे. नराच्या बसण्याच्या जागी २९ ते ३१ अंश सेल्सिअस पुरेसे होते. हात लावून अंदाज घेण्यापेक्षा तापमापकाची तार त्या फांदीवर त्याच्या डोक्याच्या उंचीला बांधणे श्रेयस्कर, कारण डोक्यावरचा उंच तुरा फांदीपेक्षा दिव्याच्या अधिक जवळ असतो आणि प्रथम तोच भाजतो. रात्री सर्व दिवे बंद असतात. खोली १८ अंशांपर्यंत उतरली तरी त्याला ते मानवते.

शॅमेलिऑन सहसा वाटीतील स्थिर पाणी ओळखत नाही, तो पानांवरचे थेंब चाटून पितो. त्यामुळे घेतलेली मिस्टकिंग कंपनीची तुषार यंत्रणा ही या संपूर्ण प्रकल्पातील माझ्या दृष्टीने सर्वोत्तम खरेदी आहे. तिचा टायमर सेकंदांपर्यंत लावता येतो आणि तुषार इतके बारीक पडतात की पान वाकत नाही, त्यावर टपोरे थेंब मात्र जमतात. पहाटे दिवे लागण्यापूर्वी दोन मिनिटे आणि दिवे बंद झाल्यावर पुन्हा दोन मिनिटे असे आम्ही लावले आहे. दिवसा पिंजरा कोरडा राहू देतो, कारण सतत ओलावा आणि उष्णता एकत्र आली तर श्वसनाचे विकार होतात. डिस्टिल्ड पाणीच वापरावे, अन्यथा क्षार साचून तोट्या बुजतात. पाण्याची टाकी तोट्यांच्या पातळीखाली ठेवावी, म्हणजे पंप थांबल्यावर पाणी ठिबकत राहत नाही. पंपाचा आवाज पहाटे शेजारच्या खोलीत ऐकू येतो, तेव्हा हलकी झोप असणाऱ्यांनी पंप कपाटात बंद ठेवावा. विजेच्या सर्व तारांना प्लगपूर्वी खाली झोल दिला आहे, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही.

झाडे म्हणून मनीप्लांट, शेफ्लेरा आणि जास्वंद ठेवली आहेत. व्हेल्ड शॅमेलिऑन पाने खातो, म्हणून रोपवाटिकेतून आणलेले प्रत्येक झाड फवारणीचा अंश जाईपर्यंत धुऊन नव्या मातीत लावले. जास्वंदीची कोवळी पाने तो सर्वांत आधी संपवतो आणि फूल उमलले तर त्याचाही फडशा पाडतो.

लाकूड, जाळी आणि फिटिंग यांवर साधारण १३० डॉलर खर्च झाला आणि दिवे व तुषार यंत्रणा यांवर त्याच्या जवळजवळ तिप्पट. केवळ पैसे वाचवण्यासाठी कोणी पिंजरा बांधणार असेल तर तयार पिंजराच घ्यावा, फरक फारसा नाही. हवे ते माप, काढता येणारे पत्रे आणि उतरता तळ यांसाठी मात्र हे श्रम करावेत. मादी पाळणाऱ्यांनी तळाची रचना वेगळी करावी, कारण नराशी संबंध न येताही ती अंडी घालते. फूटभर खोल ओलसर वाळूची पेटी मावेल इतके खालचे दार मोठे आणि तळ मजबूत हवा, आणि निचऱ्याचे छिद्र मध्ये न घेता एका कोपऱ्यात घ्यावे.