भीमाशंकर की सायलेंट व्हॅली?

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना 'खरं वर्षावन' दाखवायचं आहे, पण केरळपर्यंत जाण्याची गरज आहे का, असं धाकट्या जावेनं विचारलंय.

आधी जंगलाचं बोलू, कारण खरा फरक तिथेच आहे. भीमाशंकरला पाऊस धो धो पडतो, पण चारच महिने. पुढे कोरडे दिवस, त्यामुळे सदाहरित झाडं असूनही ती फारशी उंच होत नाहीत. पलक्कड जिल्ह्यातल्या सायलेंट व्हॅलीत परतीचा पाऊसही मिळतो. तिथं उंच, थरांवर थर असलेलं रान आहे. धरणाविरुद्धच्या मोठ्या लढ्यानंतर 1984 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं.

प्राणी? इकडे शेकरू, तिकडे सिंहपुच्छ वानर. शेकरू दिसण्याची शक्यता मला जास्त वाटते.

खर्च आणि दगदग यांत तुलनाच नाही. भीमाशंकरला पुण्याहून एसटी आहे, एका दिवसात परत येता येतं. केरळला रेल्वेनं जायलाच दिवसाहून जास्त लागतो. पुढे मुक्काली या उद्यानाच्या प्रवेशाच्या गावापासून स्वतःची गाडी चालत नाही. वनखात्याच्या परवानगीनं जीपमधून जंगलातल्या सैरंध्रीपर्यंत सुमारे 23 किमी जायचं, मोकाट भटकणं नाही.

गर्दीचं मात्र उलटं. सोमवारी आणि श्रावणात भीमाशंकरला देवदर्शनाचीच रांग! जंगलासाठी जायचं तर आडवार गाठावा, पहाटे निघावं.

मुलं लहान असतील, हाताशी दोनच दिवस असतील तर भीमाशंकर. मुलं मोठी, आठवडाभर रजा आणि जंगल हाच हेतू असेल, तर सायलेंट व्हॅली.