साहेब वेळ देतील, फक्त एक पावती फाडा

आयकरावर माहितीपट करायचा म्हटलं तर पुण्यात बोलणाऱ्यांना तोटा नाही. टिळक रोडवरचे करसल्लागार तासभर सहज बोलतात आणि खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी तर कॅमेरा बंद केला तरी थांबत नाहीत. ब्रिटिश सरकारचा अर्थसदस्य जेम्स विल्सन याने १८६० साली हा कर आणला तिथपासून आमच्याकडे रेकॉर्ड झालं होतं. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना वरच्या टप्प्याचा दर अधिभारासकट ९७.७५ टक्क्यांवर गेला होता आणि १९७४ मध्ये त्यांनीच तो ७७ वर आणला, तो भागही झाला होता. गाडी अडली शेतीपाशी. शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार घटनेने राज्यांना दिलाय, केंद्राला नाही. बहुतेक राज्यं त्या वाटेला जात नाहीत. का जात नाहीत, हे एखाद्या राजकारण्याने कॅमेऱ्यासमोर सांगावं, एवढीच आमची मागणी होती. पण बोलणार कोण?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खासदारांना आम्ही रीतसर पत्र पाठवलं, सोबत प्रश्नांची यादी जोडली. तेच पत्र निर्मितीक्षेत्रातल्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं, 'कुणाची ओळख असेल तर कळवा' असं लिहून. पुढचं सगळं त्या ग्रुपमधूनच उगवलं असावं, असा माझा अंदाज आहे.

कारण फोन आला तो थेट, "ताई, साहेबांच्या ऑफिसातून बोलतोय, तुमचं पत्र समोरच आहे." आणि त्याने आमचा चौथा प्रश्न वाचून दाखवला. खासदारांच्या टेबलावरचं पत्र वाचून दाखवणाऱ्या माणसावर संशय कोण घेणार?

भेट सर्किट हाऊसच्या आवारात ठरली. पांढरा शर्ट, हातात दोन फोन, बगलेत फाईल. येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार घालत होता आणि लोकही उलट घालत होते. (आता कळतं की तिथे कुणीही कुणालाही नमस्कार घालतं.) पैशाचा विषय त्याने काढलाच नाही. तो भांडला प्रश्नांवरून. "शेतीचा प्रश्न काढा ताई, साहेब अडचणीत येतात." आम्ही नाही म्हटलं. शेवटी 'काढू नका, पण शेवटी घ्या आणि सौम्य शब्दांत विचारा' यावर तडजोड झाली. या घासाघिशीनेच आमची खात्री पटली. भामटा असता तर सगळ्याला हो म्हणाला असता, असं आम्ही परत येताना एकमेकांना सांगत होतो. मला तर वाटतं त्याच्या धंद्यातली खरी कला हीच, आधी नकार द्यायचा.

तारीख पक्की झाल्यावर मग हळूच. "साहेब मुलाखतीचे पैसे घेत नाहीत, बरं का. पण आपल्या एका मित्रपक्षाला पंचाहत्तर हजारांची देणगी द्या. चेकने. पावती मिळेल, आयकराच्या ८०जीजीसी कलमाखाली पूर्ण वजावट. तुमचं तर काहीच जात नाही." वर आणखी एक सोय होती. हवं असेल तर काही टक्के कापून बाकीची रक्कम रोखीने परत. ती सोय आम्ही नाकारली. चेक मात्र दिला. पुण्यात गणपतीची पावती फाडायची सवय असते, त्यातलाच प्रकार वाटला. पावती लगेच आली, छापील, पक्षाच्या पॅन नंबरसकट.

नंतर हॉलचं डिपॉझिट म्हणून यूपीआयवर आणखी वीस हजार गेले. शूटिंगच्या दिवशी कॅमेरा, दिवे, ध्वनिमुद्रक, सगळी भाड्याची फौज घेऊन आम्ही सेनापती बापट रोडवरच्या एका हॉटेलात पोहोचलो. हॉल कुणाच्याच नावाने घेतलेला नव्हता. "साहेब दिल्लीला निघाले, उद्या करू," हा शेवटचा मेसेज. संध्याकाळपासून दोन्ही फोन बंद.

खासदारांच्या खऱ्या कार्यालयात फोन केला तेव्हा पलीकडचे गृहस्थ हसलेच. "मुलाखतीला पैसे? अहो, पत्रकारांना चहा आम्ही पाजतो." आमचं पत्र त्यांच्याकडे होतं, उत्तर द्यायचं राहिलं होतं. खासदारांचे पत्ते आणि फोन संसदेच्या संकेतस्थळावर असतात आणि त्यांची अधिकृत मेल संसदेच्या पत्त्यावरून येते. आमच्याकडच्या सगळ्या मेल जीमेलवरून आल्या होत्या.

पण खरी मेख पुढे आहे आणि त्यासाठीच हे लिहितेय. पोलिसांकडे गेलो तर पहिलाच प्रश्न, "देणगी तुम्ही स्वखुशीने दिली ना? पावती आहे ना? मग फसवणूक कसली?" भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ आणि तोतयेगिरीला ३१९ कलम आहे, पण पावती त्याच्या बाजूने बोलत होती. वीस हजार यूपीआयने गेले होते, म्हणून १९३० या हेल्पलाइनवर निदान तेवढी तरी नोंद झाली. तीही उशिरा. तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तरच रक्कम गोठवता येण्याची आशा असते.

आमच्या सीएने पावती हातात घेतली आणि डोक्याला हात लावला. पक्षाला दिलेल्या देणगीची ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. मी नव्या प्रणालीत आहे आणि २०२३-२४ पासून वेगळं काही कळवलं नाही तर तीच लागू होते. म्हणजे 'तुमचं काहीच जात नाही' हे वाक्य माझ्या बाबतीत पहिल्यापासून खोटं होतं. जुन्या प्रणालीत असते तर वेगळंच लफडं. अशा नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांच्या देणग्यांवर खात्याची नजर आहेच. जुलै २०२५ मध्ये खोट्या वजावटींसाठी देशभर सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी झाली, त्यात राजकीय देणग्याही होत्या. पुढच्याच महिन्यात निवडणूक आयोगाने ३३४ पक्षांची नावं यादीतून काढली. देणगी देऊन रोख परत घेणारा तर थेट नोटिशीच्या रांगेत. आम्ही रोख नाकारली नसती तर तक्रार करायलाही तोंड राहिलं नसतं आणि त्याला नेमकं तेच हवं असणार.

वीस हजारांवरच्या देणग्यांचा तपशील पक्षाने दरवर्षी आयोगाला द्यायचा असतो. त्या पक्षाच्या अहवालात आमचं नाव येतं का, ते बघायचं ठरवलंय. आलं तरी पंचाईत आहे आणि नाही आलं तर तक्रारीला थोडं बळ मिळेल.

दरम्यान कोल्हापूरच्या एका विद्यार्थी गटाचा फोन आला. त्यांना सहकारावर फिल्म करायचीय, त्यांनाही 'साहेबांच्या ऑफिसातून' विचारणा झाली, आधी एक प्रश्न काढायला सांगितला, मग तडजोड. नाव वेगळं, दोन फोन तेच. त्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत. तुमच्याकडेही असा माणूस आला असेल तर त्याचे मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि आम्हाला कळवा. आमच्या तक्रारीला जोडायचे आहेत.