टँकरमालक की निवृत्त अभियंता: पाणी समितीत कोणाला घ्यावं?

बीड-लातूरकडच्या ग्रामसभेत ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती निवडताना बहुधा अशी दोन नावं पुढे येतात.

टँकरमालकाला गावाचं पाणी तोंडपाठ असतं. कुणाच्या बोअरला एप्रिलपर्यंत पाणी टिकतं, टंचाईत सरकारला तात्पुरती ताब्यात घ्यायला (अधिग्रहणाला) कोणती विहीर मिळेल, हे त्याला विचारावं. रात्री मोटर जळाली तरी धावून येतो. पण घरोघरी नळ देणाऱ्या जलजीवन मिशनचं माणशी रोज 55 लिटर पाणी नळाला आलं, तर त्याचा टँकर बिनकामाचा दारात उभा राहणार. शिवाय टँकरच्या खेपांच्या नोंदवहीत तीन खेपा आल्या की पाच, यावर समितीच्या माणसानेच सही करायची असेल, तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखं.

निवृत्त शाखा अभियंत्याला अंदाजपत्रक वाचता येतं. पाइप किती खोल गाडला हे तो चर बुजवण्याआधी टेप लावून बघेल. गावकीचं राजकारण मात्र त्याला झेपेलच असं नाही. आणि पुतण्या पाइपलाइनचा ठेकेदार असेल तर? मग साहेबही त्याच माळेचे मणी.

माझं मत अभियंत्याला, पण नात्यागोत्यातल्या ठेक्यांची माहिती ग्रामसभेत लेखी देणार असेल तरच. टँकरमालकाला बैठकीत सल्ल्यापुरतं बोलवा. मत नको, सही तर नकोच. ग्रामपंचायत सदस्याने पंचायतीच्या ठेक्यात हितसंबंध ठेवला तर महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 खाली पद जातं. समितीलाही तोच नियम ठरावाने लावून घ्यावा.

समितीत निम्म्या महिला हव्यात. तिथे टँकरमालकाच्या बायकोचं नाव आलं, तर ग्रामसभेतच हात वर करून विचारा, मागून कारभार टँकरमालकच करणार का?