वंशावळीच्या नावाखाली ३१,७५० रुपये गेले. मोडी कागदाचा फोटो आला असेल तर आधी हे वाचा

आकडा आधीच सांगून टाकतो, हसायचं ते हसून घ्या. 'शोधणावळ' ५,१००, 'लिप्यंतर' १४,५००, 'शिक्क्यासह वंशावळ' ९,८००, फ्रेम आणि कुरिअर २,३५०. एकूण ३१,७५०. चारही वेळा यूपीआयने, आणि दर वेळी खातं वेगळ्याच नावाचं. तेव्हा मनात काहीच आलं नाही.

या ठगांची पद्धत नेहमीचीच. गावाच्या ग्रुपमध्ये शिरायचं, आडनावं आणि मूळ गावं तिथं आयती मिळतात. मग एकेकाला मोडी कागदाचा फोटो, एका शब्दाभोवती लाल वर्तुळ, आणि खाली 'हे तुमचं आडनाव, घराणं वतनदार दिसतंय.' वतनदार म्हटलं की आपण विरघळतो. खोटं कशाला बोलू, मीही विरघळलो आणि भावकीच्या ग्रुपवर त्याच रात्री जाहीरही करून बसलो.

मोडी मला अगदीच येत नाही असं नाही, दहा दिवसांचा वर्ग केलाय. पण मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात, तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरं लटकवत नेतात, शब्द तोडत नाहीत. दहा दिवसांत बाराखडी येते, कागद वाचता येत नाही. या लोकांचं पोट त्या फटीवरच चालतं.

आता माझ्या मूर्खपणाची जागा. लिप्यंतर म्हणून जे आलं, त्याची पहिलीच ओळ: 'शके १७२४ (इ.स. १७५६), मौजे अमुक, तालुका तमुक, जिल्हा सातारा.' शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं. १७२४ अधिक ७८ म्हणजे १८०२. कंसात १७५६! शाळेतल्या पोरानं पकडलं असतं. मी ती ओळ तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा नजर 'पाटील मोकदम' या दोन शब्दांवरच थांबली. शिवाय पेशवाईच्या कागदात 'जिल्हा सातारा' कुठून येईल? तिथं प्रांत, परगणा, तर्फ, कर्यात असतं.

१७५६ आलं कुठून, तेही नंतर कळलं. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांना फोटो दाखवला. त्यांनी दोन मिनिटांत वाचून दिला. कागदावर 'सबा खमसैन मया व अलफ' होतं. हे शुहूर सन, त्या काळी अरबी संख्यानामांनी लिहायचे: सात, पन्नास, शंभर, हजार, म्हणजे ११५७. त्यात ५९९ मिळवले की १७५६, आणि वर्ष मृगात बदलत असल्यानं पुढचे काही महिने १७५७ मध्ये जातात. म्हणजे कागद खरा होता, पण कुठल्यातरी कोठीच्या धान्याच्या हिशेबाचा. आणि लाल वर्तुळातलं माझं आडनाव? तो शब्द 'हरबरे' होता.

वंशावळही नीट बघितली असती तर पुरेसं होतं. १७५६ पासून आजोबांपर्यंत चौदा पिढ्या. पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरा आणि आजोबांचा जन्म १९२० च्या आसपासचा धरा. सहा-सात पिढ्या होतात. प्रत्येक नावापुढे आडनाव! जुन्या कागदांत बहुतेक वेळा नाव, बापाचं नाव आणि गाव एवढंच मिळतं. शेवटून चार नावं तेवढी बरोबर होती, कारण ती मीच त्या विकणाऱ्याला फॉर्ममध्ये भरून दिली होती.

कोणी कागद दाखवला की पहिला प्रश्न: कुठल्या दप्तरखान्यातला, रुमाल (कागद बांधलेलं कापडी गाठोडं) क्रमांक किती, पुडक्याचा क्रमांक किती? खऱ्या अभ्यासकाच्या हे तोंडावर असतं. मी विचारलं तेव्हा 'ते गोपनीय असतं' असं उत्तर आलं. पुण्याच्या पेशवे दप्तरातला कागद गोपनीय! तिथं रीतसर अर्ज करून कोणीही बसू शकतं.

पोलिस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी 'तुम्ही स्वखुशीनं दिलेत, दिवाणी बाब आहे.' तिसऱ्या दिवशी 'खातं परजिल्ह्यातलं, तिकडे जा.' हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो असं म्हटलं, तर हवालदार म्हणाले, 'वकील आहात का?' अर्जात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) लिहिलं होतं, ते खोडून '४२०' लिहायला सांगितलं. जुलै २०२४ पासून कायदा बदललाय हे फिर्यादीनं पोलिसांना समजवायचं! आणि मागचा एक जण मोठ्यानं विचारतो, 'वंशावळ हरवली का तुमची?' सगळं ठाणं हसलं. बँकेत तर शाखाधिकाऱ्यांनी व्यवहार क्रमांक न बघताच 'ग्राहकानं स्वतः केलेला व्यवहार' म्हणून फाइल परत सरकवली. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन पहिल्या काही तासांतच करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी अकराव्या दिवशी केला, कारण भावकीला काय सांगू या लाजेत दहा दिवस गेले. यूटीआर (प्रत्येक व्यवहाराचा) क्रमांक आणि चॅट जपून ठेवा, लाजेनं डिलीट करू नका.

खरे कागद स्वस्त असतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. तिथं नकलेचा अर्ज करा. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मागा. वारसाच्या नोंदीसाठी जुने फेरफार काढा, त्यात बाप-मुलगा-भाऊ सरळ मिळतात; काही जिल्ह्यांचे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन झालेत. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आडनाव आणि गावावरून लागतात, आणि पणजोबांची सही त्यांच्याच अक्षरात मिळू शकते. 'शिक्क्यासह' काही विकत घेऊ नका. जात पडताळणीला असला कागद जोडलात तर गुन्हा विकणाऱ्यावर नाही, आधी तुमच्यावर दाखल होतो.

फ्रेम अजून चुलत्यांच्या दिवाणखान्यात आहे. परवा शेजारच्या गावातल्या एकानं मला विचारलं, 'दादा, हा माणूस बरोबर आहे का हो?' त्याला आलेला फोटो उघडला. तोच हिशेबाचा कागद, तोच 'हरबरे', तेच लाल वर्तुळ. खाली आडनाव तेवढं त्याचं, आणि शोधणावळ आता ६,५००.