दोनशेचा प्लॅन आणि 11.3 वर अडकलेला आकडा: फायबरचा वापरानंतरचा अनुभव

दारव्ह्याकडच्या एका गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. फायबर उन्हाळ्यात घेतलं, आता कापूस वेचणीला आला. प्लॅन, डबा (राउटर), वायफाय हे सगळ्यांना माहीतच आहे. जेसीबीनं केबल तोडली की लॉसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा लाल दिवा लागतो आणि दोन दिवस दुकान थंड, हेही नवीन नाही. मला बोलायचं आहे ते 11.3 या आकड्याबद्दल.

शंभर एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिटच्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला 11.3 एमबीनं (मेगाबाइटनं) व्हायचं. शेजारचे काका म्हणत, “शंभरचे पैसे घेते अन् अकरा देऊन राह्यले, लुटते ना बे तुले!” पण यात लूट नाही. कापसाचा भाव क्विंटलचा असतो, तो कोणी किलोत सांगितला म्हणून कमी होत नाही. कंपनी वेग बिटात सांगते, डाउनलोडची खिडकी बाइटमध्ये दाखवते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून 100 भागिले 8, साडेबारा. डेटा छोट्या तुकड्यांत, पॅकेटमध्ये जातो आणि प्रत्येक पॅकेटसोबत पत्त्याची माहिती जाते, त्यात पाचेक टक्के जातात, उरले 11.8. आणि हजाराऐवजी 1024 च्या पायरीनं मोजलं की तेच 11.3 दिसतात. हिशेब चोख.

मग पीक विम्याची गर्दी सुरू झाली आणि मी दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतला. महिन्याला दोनशे रुपये जास्त, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 236. आणि डाउनलोड? 11.3! एका दाण्यानंही वर नाही. लाइन खराब असती तर आकडा खालीवर झाला असता. हा नेमका शंभराच्या हिशेबाला येऊन थांबत होता, म्हणजे वाटेत कुठंतरी शंभराचं दार होतं. डब्याजवळ मोबाइल धरून वायफायवर तपासलं तर 180 एमबीपीएसच्या वर. म्हणजे कंपनीची लाइन ठीक, डबाही ठीक. उरली कॉम्प्युटरपर्यंतची वायर.

कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, “सर, वायफायवर स्पीड येतोय ना?” लाइनमन आला, तो म्हणे, “भाऊ, गावाकडं एवढंच येते.”

“मंग मोबाइलवर एकशे ऐंशी कसे येऊन राह्यले?”

“मोबाइल नवीन असन तुमचा.”

विंडोजच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे डबा आणि कॉम्प्युटरमधल्या वायरचा वेग, 100/100 दिसत होता, तो त्याला दाखवला. शेवटी वायरचं टोक कापायला लावलं. आत आठ तारा, जोडलेल्या चारच. शंभरला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे हजार एमबीपीएसला चारही लागतात. घाईत याच कंपनीच्या माणसानं उरलेल्या कापून टाकल्या होत्या. दोन रुपयांचा जॅक आणि पाच मिनिटांचं काम, त्यासाठी महिनोन्महिने 236!

आठही तारा जोडल्यावर लिंक 1000 वर गेली, डाउनलोड 22 च्या पुढं. इथपर्यंत मी या प्लॅनला पाचपैकी दोन तारे देणार होतो, आता चार द्यावेसे वाटले. त्या संध्याकाळी काकांना बोलावून दाखवलं, तेही गप्प झाले.

पण दुसऱ्या दिवशी फॉर्म भरताना तो उत्साह उतरला. शेतकऱ्याचा फोटो 200 केबीचा, म्हणजे 1.6 मेगाबिट. शंभरच्या लाइनवर तो सेकंदाच्या साठाव्या भागात जायला हवा, आणि पोर्टलवर चाक मिनिटभर फिरतंच राहतं. समोरचा सर्व्हरच दमलेला असेल तर माझ्याकडं दोनशे असो की दोन हजार. महिन्याची 3300 जीबीची मर्यादाही तशीच. पूर्ण वेगानं शंभरची लाइन तासाला 45 जीबी ओढते, म्हणजे ती संपवायला 73 तास सलग डाउनलोड करावं लागेल. माझ्या सातबाऱ्याच्या पीडीएफनं ती जन्मात संपणार नाही.

म्हणून तीन तारे, त्यातला एक त्या आठ तारांसाठी. ज्याला मोठे व्हिडिओ रोज उतरवायचे आहेत त्यानं दोनशे घ्यावा, मात्र वायर जोडताना समोर उभं राहून तारा मोजाव्यात. मी पुढच्या रिचार्जपासून परत शंभरवर. आधीच्या महिन्यांच्या फरकाचे पैसे मागितले आहेत, तक्रार “प्रक्रियेत आहे” असा मेसेज आठवड्याला येतो.