डबल डोअर फ्रीजचा फ्रीझर, वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या हिवाळ्यात जुना सिंगल डोअर काढून डबल डोअर फ्रॉस्ट फ्री (म्हणजे आतला बर्फ आपोआप वितळवणारा) घेतला, २६० लिटरच्या आसपासचा, घरात पाच माणसं. दुकानात सगळे काचेच्या शेल्फचं अन् भाजीच्या ट्रेचं कौतुक ऐकवतात, पण आमचे पैसे वसूल झाले ते वरच्या फ्रीझरमुळे, म्हणून इथे त्याच्याबद्दलच लिहितेय. आमच्याकडे त्यात उरलंसुरलं फार कमी जातं, हंगामात स्वस्त अन् ताजं मिळालेलं जास्त जातं.

सगळ्यात आधी मटार. जानेवारीत आमच्या नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात शेंगा स्वस्त झाल्या की भरपूर आणायच्या, रात्री टीव्हीसमोर सगळ्यांनी बसून सोलायच्या. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं अन् लगेच बर्फाच्या पाण्यात, ही पायरी गाळू नका. कच्चे ठेवले तर दाण्यातली एन्झाइम्स थंडीतसुद्धा हळूहळू काम करत राहतात, मग काही महिन्यांनी रंग उतरतो अन् चवही जाते. गार झाले की सुती पंचावर पसरून पंख्याखाली अगदी कोरडे करायचे, मग स्टीलच्या ताटात एकच थर पसरून ताट फ्रीझरमध्ये, दाणे कडक झाले की पिशवीत भरायचे अन् हवा दाबून काढून टाकायची. पिशवी हलवली की दाणे खडखड वाजले पाहिजेत, म्हणजे उसळीला हवे तेवढे मूठभर काढता येतात. ओले भरलेत तर त्याचं एक ढेकूळ होतं, मग बसा आपटत.

पातळ थरात ठेवायचं कारण असं की पदार्थ पटकन गोठला की बर्फाचे कण बारीक राहतात, सावकाश गोठला तर कण मोठे होतात अन् पेशी फाडतात, मग बाहेर काढल्यावर पाणी सुटतं अन् सगळं लिबलिबीत होतं. म्हणून आमरस पण डब्यात नाही भरत, झिपच्या पिशवीत भरून आडवी चपटी ठेवते, गोठली की पुस्तकांसारख्या उभ्या लावून टाकायच्या. जागा खूप वाचते. मे महिन्यात त्र्यंबक, पेठकडच्या बायका करवंदं घेऊन येतात ती अशीच धुऊन, कोरडी करून ठेवलीत. ओलं खोबरं खवून ठेवलेलं तर रोज लागतं, आमच्या सासूबाई आता नारळ एकदम तीन-चार फोडतात. द्राक्षं गोठवून उन्हाळ्यात मुलांना द्या, आईस्क्रीम मागणार नाहीत, पण अगदी लहान मूल असेल तर अख्खं द्राक्ष देऊ नका.

न जमणाऱ्या गोष्टी पण सांगते. रस्स्यातला बटाटा रवाळ होतो, दही फाटतं, काकडीचं पाणी होतं, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरी होतो. कोथिंबीर ठेवा पण ती वाटणालाच, वरून भुरभुरायला नाही. पनीर थोडं भुसभुशीत होतं, कोमट पाण्यात भिजवलं की भुर्जीला चालून जातं.

तापमानासाठी आत छोटा थर्मामीटर ठेवलाय, उणे १८ पाहिजे. त्या थंडीत जंतू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत, म्हणून वितळवायचं असेल तर रात्री खालच्या फ्रीजमध्ये काढून ठेवायचं, ओट्यावर नाही. मटार मात्र थेट कढईत. कुठल्याही पदार्थावर पांढरे कोरडे डाग दिसले तर ती बुरशी नव्हे, हवा लागून तिथलं पाणी उडून गेलेलं असतं, खाल्लं तर काही होत नाही पण चव गेलेली असते.

आता तक्रार. श्रावणात फ्रीझरच्या तळाशी बर्फाची लादी धरायला लागली अन् खालच्या भाजीवर पाणी टपकायला लागलं. आधी आलेला मेकॅनिक म्हणाला फ्रीज गार करणारा गॅस गेलाय, भरावा लागेल, अन् आकडा पण मोठा सांगितला. मी म्हटलं दादा, आतलं आईस्क्रीम दगडासारखं आहे, गॅस गेला असता तर ते वितळलं नसतं का? त्याला काही उत्तर देता येईना. दुसऱ्याने मागचं पॅनल उघडलं, तर पाणी जायचं भोक बर्फाने बंद झालेलं. फ्रॉस्ट फ्रीमध्ये हीटर ठराविक वेळाने गार करणाऱ्या कॉइलवरचा बर्फ वितळवतो, ते पाणी नळीतून कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जातं अन् तिथल्या उष्णतेने उडून जातं. नळी तुंबली की पाणी आतच साठतं. त्याने कोमट पाणी सोडून मोकळी केली, काम झालं. गॅस भरायला हो म्हणण्याआधी हे नक्की बघा. अन् बर्फ सुरीने कधीच खरवडू नका, पाइपला भोक पडलं तर खरंच गॅस जाईल.

पावसाळ्यात दाराच्या रबराच्या घडीत काळी बुरशी धरते, साबणाच्या कोमट पाण्याने पुसून कोरडं करायचं. दारात कागद पकडून ओढायचा, सहज निघाला तर रबर ढिलं झालंय. फ्रीजच्या बाजू गरम लागतात म्हणून शेजारच्या काकू घाबरल्या होत्या, पण बऱ्याच मॉडेलमध्ये गरम पाइप बाजूच्या पत्र्यामागेच असतात, म्हणून दोन्हीकडे थोडी जागा सोडा, नाशिकचा एप्रिल-मे आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.

लाईट गेली तर दार उघडायचं नाही. भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमीच धरा. गावाला जाताना वाटीत बर्फ गोठवून वर नाणं ठेवून जाते, परत आल्यावर नाणं बुडालेलं दिसलं तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलंय, मग ते सरळ टाकून द्यायचं.

एक गोष्ट कंपनीने सुधारायला हवी, फ्रीझरच्या दारातला कप्पा आतल्याइतका थंड राहत नाही, दार उघडलं की पहिली गरम हवा त्यालाच लागते. आईस्क्रीमचा कप नेमका तिथेच बसतो अन् मऊ पडतो. तिथे मी कढीपत्ता अन् आलं-लसूण पेस्टचे क्यूब ठेवते, बाकी सगळं आत.