एफ्टेलिंग: सहा-सात वर्षांखालच्या मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

नेदरलँड्समधल्या मराठी घरात लहान मूल असलं की एफ्टेलिंगचा विषय कधी ना कधी निघतोच. ब्राबांत प्रांतातल्या काट्सहूफेल गावचं हे पार्क १९५२ साली सुरू झालं, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्याही तीन वर्षं आधी. आज तिथे मोठमोठे रोलरकोस्टर आहेत आणि जाहिरातींत तेच झळकतात. पण सोबत तीन ते सात वर्षांचं पोर असेल तर त्या जाहिराती विसरा. या वयासाठी एफ्टेलिंगचा जीव परीकथांच्या वनात आहे. त्याला डच लोक स्प्रोक्येसबॉस म्हणतात. पार्कची सुरुवातही या वनापासूनच झाली. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात. बाकी दिवस त्याभोवती कसा बसवायचा, एवढाच प्रश्न उरतो.

आधी दिवसाची निवड. तिकीट ऑनलाइन, तारखेनुसार काढायचं असतं आणि गर्दीच्या दिवशी ते महाग असतं. त्यामुळे किंमत बघूनच गर्दीचा अंदाज येतो. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पण चार पूर्ण झाली की सवलतीची फार आशा ठेवू नका. म्हणून साडेतीन वर्षांचं मूल असेल तर पुढच्या उन्हाळ्यावर ढकलण्यात अर्थ नाही. डच शाळांच्या सुट्ट्या उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन विभागांत वेगवेगळ्या आठवड्यांना पडतात, आणि बरेच जण फक्त आपल्या विभागाची सुट्टी बघतात. पार्क दक्षिणेत आहे आणि बेल्जियमची हद्दही जवळ, तेव्हा दक्षिण विभागाची आणि बेल्जियमची सुट्टी तपासणं जास्त गरजेचं. शाळा सुरू असतानाचा मंगळवार किंवा गुरुवार सगळ्यात चांगला. बुधवारी बऱ्याच डच शाळा दुपारी लवकर सुटतात, त्यामुळे जेवणानंतर गर्दी वाढते.

गाडी नसेल तर टिलबर्ग किंवा देन बॉस स्थानकातून थेट बस मिळते आणि ती अगदी दारापाशी सोडते. टिलबर्ग जरा जवळ पडतं. गाडीने गेलात तर पार्किंगचे पैसे वेगळे. उघडायच्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी पोहोचा, कारण पहिल्या तासात जे जमतं ते दुपारी तिप्पट वेळ घेतं.

या पहिल्या तासात परीकथांच्या वनात शिरू नका. वन सोडून उरलेल्या गोष्टींत लहान मुलांना सगळ्यात जास्त आवडणाऱ्या दोन राइड्स म्हणजे ड्रोमव्लुख्त आणि सिम्बोलिका, आणि लांब रांगाही नेमक्या तिथेच लागतात. दार उघडलं की सरळ यातल्या एकीवर जायचं, मग दुसरीवर. वनाला रांग नसते. ते दुपारच्या गर्दीतही माणसं पोटात घेतं, म्हणून ते नंतर.

ड्रोमव्लुख्त १९९३ सालची. छताला टांगलेल्या छोट्या पाळण्यात बसून पऱ्यांच्या राज्यातून, किल्ल्यांवरून आणि ओलसर जंगलातून तरंगत जायचं. साधारण सहा मिनिटं लागतात. शेवटी पाळणा गोल गोल फिरत वेगाने खाली उतरतो. त्यात भीतीदायक काही नाही, पण अंधार आहे आणि तो उतार अचानक येतो, तेव्हा मुलाला आधी सांगून ठेवा. सिम्बोलिका २०१७ साली आली. हा राजवाडा आहे. पार्दूस नावाचा विदूषक तुम्हाला चोरवाटेने आत नेतो, आणि समोरचा जिना दुभंगून वाट उघडते तो क्षण मोठ्यांनाही थक्क करतो. पुढे रुळांशिवाय फिरणाऱ्या गाड्या आहेत आणि तीन वेगवेगळ्या फेऱ्या: वीरांची, संगीताची आणि खजिन्याची. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी संगीताची फेरी घ्या, कारण गाडीतली बटणं दाबली की सूर उमटतात आणि मुलाच्या हाताला काम मिळतं.

आता वन. चित्रकार आंतोन पीकने त्याचं रूप रेखाटलं. वाकडी छपरं, गवताने शाकारलेली घरं, शेवाळ धरलेल्या विटा, हे सगळं त्याच्या हातचं. पहिल्या वर्षी दहा कथा होत्या, आज तिपटीच्या आसपास आहेत. ना पट्टा बांधायचा, ना उंची मोजायची. पायवाटेने चालत जायचं आणि खिडक्यांतून डोकवायचं.

काटेरी वेलींच्या किल्ल्यात निद्रिस्त राजकन्येपाशी थांबा. तिची छाती श्वासाबरोबर हलकेच वर-खाली होते. घाईत जाणाऱ्यांना ती पुतळी वाटते, मूल मात्र दोन मिनिटं टक लावून बघत राहतं. लांगनेक नावाचा माणूस बसल्या जागी मान उंच उंच ताणतो. ड्रॅगनच्या खजिन्याच्या पेटीला हात लावला की तो डोकं उचलून गुरगुरतो, आणि इथे तीन वर्षांची मुलं हमखास दचकतात, तेव्हा पहिल्यांदा स्वतः हात लावून दाखवा. लाल बूट पायांशिवाय आपले आपण नाचतात. फकीर सतरंजीवर बसून एका मनोऱ्यातून दुसऱ्याकडे उडत जातो. रापुन्झेलच्या वेणीवरून चेटकीण वर चढते. मश्रूमला कान लावला की आतून जुन्या धाटणीचं संगीत ऐकू येतं, आणि एवढ्याशा गोष्टीत दीड वर्षांचं बाळही रमतं. गाढवाच्या कथेत नाणं टाकलं की गाढव शेपटी उचलून सोनेरी नाणं टाकतं. त्यासाठी खिशात थोडी सुटी नाणी ठेवा.

खिडक्या मोठ्यांच्या छातीच्या उंचीवर आहेत, पण बहुतेक ठिकाणी मुलांना उभं राहायला पायरी किंवा कट्टा आहे. त्यावर आधी मुलांना उभं करा. कित्येक मोठी माणसं मोबाइल उंच धरून तिथेच खोळंबतात आणि मागच्या पोरांना फक्त त्यांच्या पाठी दिसतात.

दोन ठिकाणी सांभाळून. आगपेटीच्या काड्या विकणाऱ्या मुलीची कथा छोट्या रंगमंचावर उभं राहून बघायची असते आणि ती जशी आहे तशीच दाखवली आहे. शेवटी मुलगी मरते. चार वर्षांच्या मुलाला ती पेलत नाही, रडू येतं, आणि त्यावर घरी बोलावं लागतं. दुसरं म्हणजे ‘भारतीय कुमुदिनी’. ही अंधाऱ्या गुहेतली छोटी नाट्यमय झलक १९६६ पासून तिथे आहे. कथा बेल्जियमची राणी फाबिओला हिने लिहिली. बेडूक वाद्यं वाजवतात, पऱ्या कमळांवर नाचतात आणि वरून चेटकिणीचा आवाज येतो. भारताची म्हणून नाव दिलं असलं तरी यात आपल्याकडचं काही सापडणार नाही. ते शोधू नका, संगीत ऐका. काही मुलं त्या काळोखात घाबरतात, तेव्हा दाराजवळच उभे राहा.

कथा डचमध्ये सांगतात. जाण्याआधीच्या आठवड्यात हिमगौरी आणि सात बुटके, लाल टोपीवाली आणि सिंड्रेला मराठीत सांगून ठेवल्या तर मूल खिडकीशी पोचताच स्वतःच गोष्ट सांगू लागतं. या तयारीला एक पैसा लागत नाही आणि फरक सगळ्यात मोठा पडतो.

वनात जागोजागी होले बोले खैस हा पोट सुटलेला खादाड आ वासून बसलेला दिसेल. ‘पपिअर हिअर’ म्हणत तो कागद मागतो, कागद तोंडाशी नेला की खेचून घेतो आणि आभारही मानतो. पहिला खैस १९५९ साली बसवला. मुलं यापायी बाकांखालचा कचरा शोधत हिंडतात. कागदी रुमाल घरून जास्त घ्या, कारण पार्कात जमिनीवर कागद सापडणं खरंच कठीण असतं.

वनातून निघेपर्यंत दुपारचे एक-दीड होतात. घरचं जेवण आत नेता येतं आणि बाकं भरपूर आहेत, तेव्हा डबा न्याच. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे आणि थर्मासमध्ये मऊ भात यांनी भागतं. विकत घ्यायचं तर तळलेले बटाटे सगळीकडे मिळतात, पण तेच तेल मांसासाठी वापरतात का हे शाकाहाऱ्यांनी काउंटरवर विचारून घ्यावं. पोफर्च्येस (छोटे फुगलेले गोड पॅनकेक) आणि मोठे पॅनकेक मुलांना हमखास आवडतात, मात्र दोन्हींत अंडं असतं. पूर्ण शाकाहार पाळणाऱ्यांनी चीजमधल्या रेनेटचाही (वासराच्या पोटातून मिळणाऱ्या विरजणाचाही) विचार करावा. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. डच नळाचं पाणी सरळ पिता येतं.

जेवणानंतरचे दोन-तीन तास सगळ्यात अवघड. मुलं पेंगतात आणि रांगा भरलेल्या असतात. अशा वेळी वाफेची आगगाडी पकडा. ती पार्कभोवती फिरते, मूल मांडीवर झोपलं तरी चालतं आणि पायांना आराम मिळतो. संथ गतीची गोंडोलेटा होडी तळ्यात साधारण वीस मिनिटं फिरवते, पण थंडीत ती बंद असते. कार्नावाल फेस्टिवल १९८४ पासून आहे. देशोदेशीच्या बाहुल्यांमधून जाणाऱ्या या गाडीची रांग सतत सरकत राहते. त्यातलं गाणं संध्याकाळपर्यंत घरच्यांच्या डोक्यात घुमत राहतं. लाफ नावाच्या बुटक्यांच्या गावातल्या घरांत चढ-उतार करायला मिळते, मुलांना मोकळं सोडायला ती उत्तम जागा. ‘आउडे तुफरबान’ या जुन्या धाटणीच्या मोटारींत मुलाला सुकाणू धरायला मिळतं. गाडी मधल्या रुळामुळे वाटेबाहेर जात नाही, पण पाच वर्षांच्या पोराला ती आपणच चालवतोय असं वाटतं.

फाता मोर्गानाबद्दल थोडं सविस्तर, कारण बरेच पालक तिथे फसतात. १९८६ सालची ही अरबी नगरीतून फिरणारी होडी दिसायला सुंदर आहे आणि माणसं भराभर आत घेते, म्हणून रांग फारशी नसते. पण मध्ये कैदेतल्या माणसांचा अंधारकोठडीचा प्रसंग आहे, मगर आहे, आणि शेवटी दाराशी अजस्र राक्षस. सहा वर्षांखाली प्रत्येक मुलागणिक विचार करा. एकदा होडी निघाली की मध्येच उतरता येत नाही. व्हिला व्होल्टा तर लहानांसाठी नाहीच. ते फिरणारं घर मेंदूला फसवतं, आणि पोट भरलेलं असेल तर मळमळतं. २०२४ साली आलेली डान्स माकाबरही भुतांची आहे, दूरच ठेवा.

घरात मोठं भावंड असेल तर उंचीचं गणित आधी करा: योरिस एन द ड्राक हा लाकडी रोलरकोस्टर ११० सेंटिमीटरपासून, पायथॉन १२० पासून, बारोन १८९८ हा १३२ पासून. घरीच बूट काढून उंची मोजा. दारात एक-दोन सेंटिमीटरसाठी मोठ्याला परत फिरावं लागलं की त्याचा सगळा दिवस कडू होतो. आई-वडिलांना आळीपाळीने बसायचं असेल तर रांगेत शिरताना कर्मचाऱ्याला ‘बेबी स्विच’ म्हणा: एकजण बसून येतो, मग दुसरा पुन्हा रांग न लावता बसतो, आणि धाकटं मूल कुणाच्या तरी हाताशी राहतं.

कपड्यांचा एक जादा जोड प्रत्येक मुलासाठी घ्याच. आर्किपेल या पाण्याच्या खेळाच्या जागेतून मूल कोरडं बाहेर येत नाही, आणि पिरान्या या खवळत्या नदीच्या राइडवर तर मोठेही भिजतात. हॉलंडचा पाऊस वेगळाच. छत्रीपेक्षा टोपीवालं जॅकेट बरं, कारण ढकलगाडी ढकलताना हात मोकळे हवेत. आपली गाडी नसेल तर दारापाशी ओढायच्या लाकडी गाड्या भाड्याने मिळतात. दोन मुलं आणि पिशव्या एकीत मावतात, पण राइड्सच्या बाहेर गाडी ठेवावी लागते, तेव्हा त्यात पाकीट किंवा पासपोर्ट ठेवू नका. मुलाच्या मनगटावर आपला फोन नंबर देशाच्या कोडसकट पेनाने लिहा.

पुण्या-मुंबईहून आलेले आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांची वाट वेगळी ठरवा: वन, आगगाडी, कार्नावाल फेस्टिवल, गोंडोलेटा. या चार गोष्टींत त्यांचा दिवस छान जातो, जिने-चढ कमी येतात आणि बाकं सगळीकडे आहेत. हिवाळ्यात नेत असाल तर डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधार पडतो, दिवे आणि शेकोट्या सुरेख दिसतात, पण पाण्याच्या काही राइड्स बंद असतात आणि आजी-आजोबांना एकावर एक दोन पायमोजे घालावे लागतात.

पार्क बंद होताना तळ्यावर आक्वानुरा हा कारंज्यांचा कार्यक्रम असतो, २०१२ सालापासून. बघण्यासारखा आहे, पण तो संपला की सगळी गर्दी एकदम गाड्यांकडे वळते. लहान मूल झोपेला आलेलं असेल तर तळ्याच्या मुख्य द्वाराकडच्या बाजूला, कडेला उभे राहा आणि शेवटची गाणी सुरू होताच निघा. बसने जाणाऱ्यांनी परतीची वेळ सकाळीच बघून ठेवावी, कारण कार्यक्रम सुटल्यावरची पहिली बस भरून जाते.